मैल्याच्या गाळातून आलेले स्फुरद : स्ट्रुव्हाइट खत दोन हंगाम वापरून पाहिल्यानंतर

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात निघालेले खत म्हटल्यावर पोते उघडताना आपले नाक आपोआप सावध होते. माझेही झाले होते. पण आत दुर्गंधी तर नव्हतीच, उलट कोरड्या मातीचा येतो तेवढाही वास नव्हता. हातात आले ते राखाडीकडे झुकणारे मळकट पांढरे दाणे, मोहरीपेक्षा थोडे मोठे आणि ज्वारीपेक्षा लहान, बोटांना किंचित खरखरीत लागणारे. एक दाणा नखांमध्ये धरून दाबला तर फुटला नाही. फरशीवर ठेवून चमच्याच्या पाठीने रेटला तेव्हा मिठाचा खडा फुटावा तसा करकरला आणि आतून स्वच्छ पांढरा निघाला. पोत्यावर खताचे नाव, ५-२८-० असे आकडे (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम यांचे टक्के), त्याखाली मॅग्नेशियम १० टक्के आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘पिकाला लागणारे सर्व पोषण’ असे लिहिलेले होते. या शेवटच्या वाक्याकडे मी पुढे येणारच आहे, कारण माझ्या मते या उत्पादनातील सर्वांत मोठा दोष पोत्याच्या आत नसून पोत्यावर आहे.

स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा पाणी धरून ठेवणारा स्फटिक. शुद्ध स्वरूपात त्यात साधारण ५.७ टक्के नत्र, फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजले तर जवळपास २९ टक्के स्फुरद आणि १० टक्क्यांच्या आत-बाहेर मॅग्नेशियम असते, तर वजनाचा ४४ टक्के भाग निव्वळ स्फटिकात बांधले गेलेले पाणी असते. घटक ओळखीचे वाटत नसतील तर दुसरी ओळख सांगते : मूत्रमार्गात ठरावीक जिवाणूंचा संसर्ग झाल्यावर जो मूतखडा तयार होतो, तो बहुतेक वेळा याच खनिजाचा असतो. शरीरात जे घडते तेच शुद्धीकरण केंद्राच्या नळांतही घडते. गाळ हवाबंद टाक्यांत कुजवल्यानंतर तो पिळून जे पाणी निघते त्यात अमोनिया आणि फॉस्फेट भरपूर असतात, आणि हे पाणी जिथे वळणावर किंवा पंपापाशी घुसळले जाते तिथे त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू (आम्ल-अल्कलीपणाचे माप, म्हणजे पीएच) वाढतो आणि नळाच्या आतल्या बाजूला दगडासारखा थर चढू लागतो. लॉस एंजेलिसच्या हायपेरियन केंद्राला १९६० च्या दशकात या थराने बराच त्रास दिला होता. म्हणजे ज्या पदार्थाला आज खत म्हणून पोत्यात भरतात, तो या धंद्यातील लोकांसाठी कितीतरी वर्षे केवळ छिन्नी-हातोड्याने किंवा आम्लाने काढून टाकायची कटकट होता.

खत बनवण्याची पद्धत म्हणजे हीच कटकट नळाऐवजी आपल्याला हव्या त्या भांड्यात घडवून आणणे. गाळाच्या पाण्यात अमोनिया आणि फॉस्फेट असतात, कमी पडते ते मॅग्नेशियम. म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड घालतात, हवा सोडून किंवा अल्कली घालून सामू आठ ते नऊच्या दरम्यान आणतात, आणि खालून वर वाहणाऱ्या पाण्यात तरंगत ठेवलेल्या बारीक कणांवर स्फटिकाचे थर चढू देतात. दाणा जड झाला की तळाशी बसतो, तिथून तो काढून धुतात आणि कमी उष्णतेवर वाळवतात. मात्र हे प्रत्येक केंद्राला जमत नाही, ही बाब ग्राहकांपर्यंत क्वचितच पोहोचते. जिथे जिवाणूंकडून स्फुरद काढून घेण्याची पद्धत आहे, म्हणजे हवा मिळाली की जिवाणू स्फुरद पोटात साठवतात आणि हवा तोडली की ते पुन्हा सोडतात, तिथे गाळाच्या पाण्यात स्फुरद मोकळे सापडते. जिथे लोहाचे क्षार टाकून स्फुरद बांधून टाकतात, तिथे ते लोहालाच चिकटून गाळात राहते आणि स्ट्रुव्हाइटच्या वाटेला फारसे येत नाही.

थोडे विषयाच्या कडेने जाते, पण या खनिजाचा आणि हॅम्बुर्ग शहराचा संबंध मला फार गमतीचा वाटतो. हेनिग ब्रांड या किमयागाराने १६६९ मध्ये याच शहरात मूत्र आटवून आटवून पहिल्यांदा फॉस्फरस वेगळा केला. त्याला खरे तर सोने हवे होते. पुढे १८४५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग लुडविग उलेक्स यांनी स्ट्रुव्हाइटचे वर्णन केले आणि मुत्सद्दी व निसर्गाभ्यासक फॉन स्ट्रुव्ह यांच्यावरून त्याला नाव दिले, तेही हॅम्बुर्गमध्येच, तिथल्या एका चर्चच्या पायासाठी खणताना लागलेल्या जुन्या शेणखताच्या थरांत सापडलेल्या स्फटिकांवरून. आणि आज त्याच शहरात मैल्याचा गाळ जाळून उरलेल्या राखेतून फॉस्फोरिक आम्ल काढण्याचा प्रकल्प उभा राहिला आहे. साडेतीन शतके एक शहर मलमूत्रातून स्फुरदच शोधते आहे असे म्हटले तरी चालेल.

आता प्रत्यक्ष वापराकडे येते. कोणतेही दाणेदार खत आणले की मी पहिल्यांदा ते पेल्यात टाकून पाहते. एका पेल्यात साधे पाणी, दुसऱ्यात पाण्यात मिसळलेला व्हिनेगर, तिसऱ्यात साध्या पाण्यात डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, नेहमीचे दाणेदार स्फुरद-खत), आणि तिन्हींत एकेक चहाचा चमचा खत असा मामला होता. डीएपीचे दाणे तासाभरातच मऊ होऊन पसरले आणि सकाळपर्यंत तळाशी फक्त गढूळ साका उरला. साध्या पाण्यातले स्ट्रुव्हाइट तीन दिवसांनीही पहिल्या दिवशी होते तसेच, कडा शाबूत ठेवून बसलेले होते. व्हिनेगरच्या पेल्यात मात्र दुसऱ्या दिवशी दाण्यांच्या कडा गोलसर झाल्या होत्या आणि चौथ्या दिवशी बोटाने दाबले की ते चुरडत होते. या खताचा सगळा स्वभाव या तीन पेल्यांत दिसतो. पाण्यात ते जवळपास विरघळतच नाही. आम्लाच्या सान्निध्यात विरघळते, आणि मुळे स्वतः सौम्य सेंद्रिय आम्ले सोडत असल्यामुळे मूळ दाण्यापर्यंत पोहोचल्यावर त्याला स्फुरद मिळू लागते. उत्पादक हा गुण ‘मूळ मागेल तेव्हाच देणारे खत’ अशा शब्दांत सांगतात आणि तो खोटा नाही. पण मूळ अजून पोहोचलेच नसेल तर काय, हे ते सांगत नाहीत.

ते मला टोमॅटोच्या रोपांनी सांगितले. सहा मोठ्या कुंड्या घेऊन सर्वांत एकाच ढिगातली माती भरली, जिचा सामू पट्टीवर आठच्या जवळ दिसत होता. दोन कुंड्यांना पाण्यात पटकन विरघळणारे सुपर फॉस्फेट, दोन कुंड्यांना फक्त स्ट्रुव्हाइट आणि दोन कुंड्यांना स्फुरदाची निम्मी-निम्मी मात्रा दोन्हींमधून दिली. नत्र युरियाने आणि पालाश सल्फेट ऑफ पोटॅशने सर्वत्र सारखे करून घेतले. फक्त स्ट्रुव्हाइट दिलेल्या रोपांची पाने दुसऱ्या आठवड्यात मला खटकू लागली. वरून ती गडद हिरवी, जरा जास्तच गडद दिसत होती, पण उलटवून पाहिले तर शिरांच्या बाजूने जांभळी छटा चढलेली होती आणि देठही तसेच झाले होते. स्फुरद कमी पडल्याची ही शाळकरी खूण आहे. खत तर मुळाखाली बोटभर अंतरावर पुरलेले होते! एका रोपाभोवतीची माती अलगद काढून पाहिले तेव्हा दाणे जसेच्या तसे चकाकत होते आणि पांढरी मुळे त्यांच्यापासून अजून दोन-अडीच सेंटिमीटर दूर होती. शेजारच्या सुपर फॉस्फेटच्या कुंड्यांत त्याच वयाची रोपे चार पाने पुढे गेली होती.

पाचव्या आठवड्यानंतर चित्र पालटले. मुळे दाण्यांपर्यंत पोहोचली असावीत, कारण नवी पाने स्वच्छ हिरवी येऊ लागली, जांभळेपणा फक्त खालच्या जुन्या पानांवर राहिला आणि फुलोऱ्याच्या वेळी तिन्ही जोड्यांत डोळ्यांना फरक जाणवत नव्हता. पहिली फळे मात्र स्ट्रुव्हाइटच्या कुंड्यांत दहा-बारा दिवस उशिरा धरली. दुसऱ्या हंगामात मी त्याच कुंड्यांत स्फुरद अजिबात न घालता पुन्हा रोपे लावली, आणि या वेळी पाने जांभळी पडली ती सुपर फॉस्फेटच्या कुंड्यांत. हे अनपेक्षित नव्हते, कारण चुनखडीच्या आणि जास्त सामूच्या मातीत पाण्यात पटकन विरघळलेले स्फुरद तितक्याच पटकन कॅल्शियमशी बांधले जाते आणि मग ते मातीत असूनही मुळांच्या कामाचे राहत नाही. दोन्ही हंगामांत सर्वांत समाधानकारक राहिली ती निम्मी-निम्मी मात्रा दिलेली जोडी. सहा कुंड्यांवरून नियम बांधता येत नाही हे मी जाणते, पण बांगडीएवढ्या मुळांच्या रोपाला केवळ स्ट्रुव्हाइटवर सोडू नये एवढे तरी मी आता कोणालाही सांगेन. शिवाय दाणे जितके मोठे तितका उशीर जास्त. पुढच्या खेपेला मी थोडे दाणे खलबत्त्यात कुटून रोपाच्या मातीत मिसळले तेव्हा जांभळेपणा आला, पण बराच फिका आला.

हिशोबाची बाजूही पाहायला हवी, कारण पोत्यावरचे आकडे पाहून माणूस सरळ डीएपीशी अदलाबदल करायला जातो. एक किलो डीएपीमधून ४६० ग्रॅम स्फुरद मिळते. तेवढेच या खतातून हवे असेल तर सुमारे १ किलो ६४० ग्रॅम लागते. त्या मात्रेतून नत्र मिळते ८२ ग्रॅम, तर डीएपी देते १८० ग्रॅम, म्हणजे उरलेल्या ९८ ग्रॅमसाठी वर २१० ग्रॅमच्या आसपास युरिया घालावा लागतो. पालाश तर शून्यच आहे, कारण मैलापाण्यातले पोटॅशियम या स्फटिकात न बसता पाण्याबरोबर पुढे निघून जाते. उलट बाजूने १६० ग्रॅमहून अधिक मॅग्नेशियम फुकट पदरात पडते, आणि ज्या मातीत ते कमी आहे तिथे हा मोठाच लाभ आहे. ज्या मातीत मॅग्नेशियम आधीच जास्त आहे तिथे मात्र दर वर्षी हे खत टाकण्याआधी माती परीक्षण करून घ्यावे.

म्हणूनच ‘पिकाला लागणारे सर्व पोषण’ हे वाक्य मला बोचते. पालाश नसलेल्या आणि नत्र नाममात्र असलेल्या खताला असे म्हणणे ही सरळसरळ दिशाभूल आहे. त्याहून मोठी उणीव अशी की पाण्यात किती विरघळते आणि सायट्रिक आम्लाच्या द्रावणात किती विरघळते, हे दोन वेगवेगळे आकडे पोत्यावर कुठेच नाहीत. २८ हा एकच आकडा आहे, आणि नेहमीचा वापरणारा तो डीएपीच्या ४६ प्रमाणेच वाचणार. मी विक्रेत्याकडे विचारणा केली तेव्हा उत्तरादाखल रंगीत माहितीपत्रक आले, ज्यात पर्यावरणावर तीन पाने होती आणि विद्राव्यतेवर एकही ओळ नव्हती. दाणे कोणत्या टप्प्यावर काढले, गाळाच्या पाण्यातून की राखेतून, हेही दुसऱ्यांदा विचारल्यावरच कळले.

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा का, ते सांगायला हवे, कारण घरी आलेल्या बहुतेकांनी पहिल्यांदा हेच विचारले की या टोमॅटोंना हात लावायचा का. ‘मैल्यापासून खत’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे गाळच वाळवून केलेल्या गोळ्या. अमेरिकेत मिलवॉकी शहराचे मिलॉर्गनाइट १९२६ पासून याच जातीचे आहे. त्यात सेंद्रिय पदार्थ आणि सावकाश मिळणारे नत्र असते हा फायदा, पण गाळात जे काही बसले ते सर्व कमी-अधिक प्रमाणात सोबत येते. जड धातूंची तपासणी होते आणि उष्णतेने रोगजंतू मरतात, मात्र ज्यांना ‘न मोडणारी रसायने’ म्हणतात ती पीएफएएस वर्गातील संयुगे वाळवल्याने जात नाहीत. अमेरिकेतील मेन राज्याने २०२२ मध्ये शेतात गाळ टाकण्यावरच बंदी घातली ती याच कारणाने. दुसरी वस्तू म्हणजे गाळ जाळून राखेतून रासायनिक पद्धतीने काढलेले स्फुरद, ज्यात सेंद्रिय घाण जळून जाते आणि धातू वेगळे काढावे लागतात. तिसरी वस्तू म्हणजे आपले स्ट्रुव्हाइट. स्फटिक वाढताना आपल्या रचनेत बसतील तेच आयन घेतो आणि बाकीचे बाहेर ठेवतो, त्यामुळे नीट धुतलेल्या दाण्यांत जड धातू फार कमी सापडतात. खाणीतल्या फॉस्फेटमधून येणारे कॅडमियम ही युरोपात गंभीर बाब मानली जाते, तिथे एक किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. त्या तुलनेत स्ट्रुव्हाइट या एका बाबतीत नेहमीच्या खतापेक्षा स्वच्छ ठरते. टोमॅटो आम्ही खाल्ले, हे वेगळे सांगायला नकोच. मावशींनी मात्र ‘तुमचे विज्ञान तुमच्याजवळ’ म्हणत ताट सरकवले, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

स्वच्छतेला मी पूर्ण गुण देते, पण माहितीपत्रकातील पर्यावरणाच्या तीन पानांना देणार नाही. नत्र हवेतून मिळवता येते, तसे स्फुरद मिळवता येत नाही. ते खाणीतूनच यावे लागते, आणि जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांशाहून अधिक भाग मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या पट्ट्यात आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये फॉस्फेट खडकाला निर्णायक कच्च्या मालाच्या यादीत घातले ते उगाच नव्हे. तेव्हा मैल्यातले स्फुरद परत मिळवणे गरजेचेच आहे. परंतु गाळाच्या पाण्यातून स्ट्रुव्हाइट काढताना केंद्रात आलेल्या एकूण स्फुरदाचा लहानसा हिस्साच, सहसा निम्म्याहून बराच कमी, हाती लागतो, कारण उरलेले घट्ट गाळातच बसलेले असते. राखेतून मात्र ८० टक्क्यांच्या पुढे जाता येते. जर्मनीने २०१७ च्या नियमाने मोठ्या केंद्रांवर २०२९ पासून स्फुरद परत मिळवण्याची सक्ती ठरवली तेव्हा गाळातून किमान ५० टक्के आणि राखेतून किमान ८० टक्के अशी अट घातली, आणि ती अट एकट्या नेहमीच्या स्ट्रुव्हाइट पद्धतीला जड जाते. ‘चक्र पूर्ण झाले’ असे पत्रकात लिहिणे म्हणजे विहिरीतून एक बादली काढून विहीर उपसली म्हणण्यासारखे आहे. शुद्धीकरण केंद्राचा खरा फायदा नळ तुंबत नाहीत, गाळ पिळणे सोपे होते आणि स्फुरदाचा तोच भार पुन्हा पुन्हा टाक्यांत फिरत नाही यात आहे. खत हे त्या कामातले सुखद उत्पन्न आहे. यात कमीपणा नाही, फक्त तसे सांगावे.

सेंद्रिय शेती करणाऱ्यांसाठी एक नोंद : युरोपीय संघाने २०२३ मध्ये सांडपाण्यातून परत मिळवलेल्या स्ट्रुव्हाइटला सेंद्रिय शेतीत अटींसह परवानगी दिली आहे. हे मला योग्य वाटते, कारण दळलेल्या फॉस्फेट खडकापेक्षा हे चांगले काम करते, विशेषतः आम्लयुक्त नसलेल्या जमिनीत, जिथे तो खडक वर्षानुवर्षे ढिम्म हलत नाही.

साठवणुकीबाबत पोत्यावर ‘कोरड्या जागी ठेवा’ एवढेच आहे, ते अपुरे आहे. ओलाव्याचे या दाण्यांना फारसे भय नाही. दोन आठवडे उघड्या डब्यात ठेवूनही ते युरियासारखे पाझरले नाहीत. भय आहे ते उष्णतेचे. ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पुढे हा स्फटिक आपले पाणी आणि अमोनिया सोडू लागतो, आणि पत्र्याच्या छपराखाली, उन्हात तापलेल्या गाडीत किंवा भिंतीला टेकून ठेवलेल्या काळ्या पोत्यात एवढे तापमान सहज होते. माझ्या दुसऱ्या पोत्याच्या तोंडाशी अमोनियाचा झोंबरा वास आला, वरचे दाणे भुसभुशीत झाले होते आणि तळाशी दोन-तीन मुठी पीठ जमले होते. ते वाटेत कुठेतरी तापले असणार. पहिल्या पोत्याला वास नव्हता हे मी सुरुवातीला लिहिले ते म्हणूनच : वास न येणे ही या खताची तब्येत ठीक असल्याची खूण आहे. विक्रेत्याने ते पोते तक्रार न करता बदलून दिले, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

फळझाडे, वेली, गुलाब आणि वर्षभर जागा न सोडणाऱ्या झाडांना मी हे खत निःसंकोच देत राहीन, कारण तिथे मुळे आधीच पसरलेली असतात, घाई कशाचीच नसते आणि पाणी जास्त झाले तरी खत निचऱ्यातून वाहून जात नाही. कुंडीला हा शेवटचा गुण फार उपयोगी आहे. डीएपीची मात्रा चुकून जास्त झाली की कोवळी मुळे जळतात, हे दाणे मुळाला चिकटले तरी काही होत नाही. पालेभाज्या आणि तीन महिन्यांत आटपणारी पिके यांना एकटे स्ट्रुव्हाइट देणे मी थांबवले आहे. बदलून मिळालेल्या पोत्यातला तिसरा हिस्सा अजून शिल्लक आहे. त्यातले निम्मे कुटून ठेवले आहे आणि पुढच्या रोपांना ते सुपर फॉस्फेटच्या निम्म्या मात्रेबरोबर, मुळाच्या थेट खाली नव्हे तर सगळ्या मातीत कालवून देणार आहे. निम्मे दाणे तसेच, लिंबाच्या झाडाखाली.